पडद्यामागील मौन



चित्रपट पाहून घरीं परततांना आपण नटनट्यांच्या अभिनयाची चर्चा करतों. परंतु तो जेथें तयार झाला तेथें काम करणाऱ्या स्त्रियांना कसें वागविलें जातें, हा प्रश्न आपल्या मनांत सहसा येत नाहीं. केरळांत मात्र त्याचा विचार सरकारला करावा लागला. ती हकीकत बोधप्रद आहे.

सन २०१७ च्या फेब्रुवारींत कोची येथें एका अभिनेत्रीला मोटारींतून पळवून नेऊन तिच्यावर अत्याचार करण्यांत आला. तिनें भिऊन गप्प न बसतां फिर्याद दिली. तिच्या व्यवसायभगिनींनीं 'विमेन इन सिनेमा कलेक्टिव्ह' ही संघटना काढली. तिच्या मागणीवरून त्याच वर्षीं सरकारनें निवृत्त न्यायाधीश के. हेमा यांच्या अध्यक्षतेखालीं समिती नेमली. अभिनेत्री शारदा आणि निवृत्त सनदी अधिकारी के. बी. वत्सलाकुमारी या तिच्या इतर सभासद होत्या. समितीनें ३१ डिसेंबर २०१९ रोजीं अहवाल दिला. तो लोकांपुढें आला १९ ऑगस्ट २०२४ रोजीं, आणि तोहि कांहीं भाग गाळून!

त्या अहवालांत 'ॲडजस्टमेंट' आणि 'कॉम्प्रमाइज' हे दोन शब्द येतात. शब्द किती सौम्य! अर्थ मात्र असा कीं, काम हवें असेल तर स्त्रीनें शरीराची किंमत द्यावी. मुक्कामाच्या ठिकाणीं रात्रीं दारावर थापा पडतात, म्हणून अनेकजणी आईबापांना किंवा नातलगांना बरोबर नेत. चित्रीकरणस्थळीं शौचगृह नसे, म्हणून कित्येक स्त्रिया तासन्तास पाणीहि पीत नसत.

मग तक्रार कां होत नाहीं? याचें कारण या व्यवसायाच्या रचनेंत आहे. गिरणींत किंवा कचेरींत नोकरी कायम असते. येथें एक चित्रपट संपला कीं मंडळी पांगतात. लेखी करार बहुधा नसतो. पुढचें काम मिळतें तें कोणाच्या तरी शब्दावर, आणि तो शब्द मोजक्या बलिष्ठ पुरुषांच्या हातीं. एखादीला 'कटकटी' म्हटलें कीं तिचीं दारें बंद. शिवाय खोलीची व्यवस्था करणारा, निरोप पोंचविणारा, दुसऱ्या दिवशीं हंसून विषय टाळणारा, अशा अनेकांवांचून हा प्रकार चालूंच शकत नाहीं. अपराधी एक असतो. त्याला निर्धास्त करणारे पुष्कळ असतात.

कायदा नाहीं असें नव्हे. सर्वोच्च न्यायालयानें १९९७ सालीं विशाखा खटल्यांत मार्गदर्शक नियम घालून दिले, आणि २०१३ सालीं संसदेनें कायदा केला. दहा किंवा अधिक माणसें काम करीत असतील तेथें अंतर्गत समिती हवी; तिच्या अध्यक्षस्थानीं स्त्री असावी, निम्म्या तरी सभासद स्त्रिया असाव्यात आणि एक सभासद बाहेरचा असावा. मार्च २०२२ मध्यें केरळ उच्च न्यायालयानें हा नियम चित्रपटनिर्मितीलाहि लागू असल्याचा निर्णय दिला. परंतु समिती नेमणार निर्माताच, आणि तिचे सभासद त्याच व्यवसायांतले! त्यांच्यावर दडपण येईल हें ओळखून हेमा समितीनें स्वतंत्र न्यायाधिकरणाची शिफारस केली.

अहवाल प्रसिद्ध होतांच खळबळ उडाली. २७ ऑगस्ट २०२४ रोजीं 'अम्मा' या नटसंघाच्या कार्यकारी मंडळानें एकत्र राजीनामे दिले. पोलिसांचें विशेष पथक नेमलें गेलें. परंतु समितीपुढें विश्वासानें बोललेल्या अनेक स्त्रिया पोलिसांपुढें जबानी देण्यास तयार झाल्या नाहींत, आणि त्या निवेदनांवरून नोंदलेले गुन्हे २०२५ सालीं मिटवावे लागले. त्यांना भित्र्या म्हणणें अन्यायाचें होईल. आजूबाजूचे लोक तोंड उघडत नसतां सारा भार एकट्या पीडितेनें वाहावा, ही अपेक्षाच चुकीची आहे.

मी जन्मभर शाळामास्तर होतों. वर्गांत एखाद्या दुबळ्या मुलाला छळल्याचें उघडकीस आलें, कीं बाकीचीं मुलें ठरलेलें उत्तर देत: "मास्तर, मीं कांहीं केलें नाहीं." तें खरेंहि असे. परंतु पाहत असतां कांहीं न करणें हाच त्यांचा दोष होता, हें त्यांना समजाविण्यास मला फार वेळ लागे. मोठ्या माणसांना तें समजाविण्यास त्याहूनहि अधिक लागेल. पण समजाविलेंच पाहिजे.