सर्व्हरची नाडी कोण मोजणार?

सकाळचे साडेदहा वाजलेले असतात. बाह्यरुग्ण विभागात केसपेपरच्या खिडकीपासून निघालेली रांग जिन्यापर्यंत पोहोचलेली असते. खिडकीतला कारकून कळ दाबतो, पडद्यावर गोल चक्र फिरत राहते आणि तो रोजचेच वाक्य म्हणतो, "सर्व्हर स्लो आहे, थांबा." रांगेत उपाशीपोटी रक्त द्यायला आलेले मधुमेही आजोबा असतात, तापाने फणफणलेले मूल कडेवर घेतलेली आई असते. 'सर्व्हर स्लो' हे निदान नव्हे. 'अंगात कणकण आहे' तसे ते नुसते लक्षण आहे. कारण शोधायचे तर तपासणी हवी, आणि तिथेच खरी अडचण आहे.

आज अनेक ठिकाणी नोंदणी, तपासण्यांचे अहवाल, औषधांचा साठा हे सारे स्वतंत्र संगणकावर नसून 'व्हर्च्युअल मशिन'वर चालते. एकाच ताकदवान संगणकाचे हायपरवायजर नावाचा प्रोग्रॅम अनेक आभासी संगणकांत वाटप करतो. अख्खे यंत्र आपलेच आहे, असे प्रत्येकाला वाटते. कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ मध्येच 'व्हीएम/३७०' ही प्रणाली आणली होती. पण वाड्यातल्या बिऱ्हाडांचा नळ जसा सामाईक, तसे इथे प्रोसेसर आणि मेमरी सामाईक असते.

टक्केवारीचा चकवा

सर्व्हर मंदावला की पहिला आकडा पाहिला जातो तो 'सीपीयू वापर' हा. तो ९० टक्के दिसला की मोठे यंत्र घ्या, असा सल्ला मिळतो. पण हा आकडा तापमापकासारखा आहे. ताप आहे हे तो सांगतो. मलेरिया की न्यूमोनिया हे सांगत नाही. तीन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदाला ३०० कोटी ठोके देतो. हवी ती माहिती जवळच्या छोट्या साठ्यात, म्हणजे कॅशेमध्ये नसेल, तर ती मुख्य मेमरीतून आणायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. म्हणजे सुमारे ३०० ठोके. त्या काळात प्रोसेसर बहुतांशी ताटकळत असतो, तरी नोंद 'कामात आहे' अशीच होते. अशा वेळी आणखी वेगवान प्रोसेसर घेणे म्हणजे निदान न करताच औषधाचा डोस वाढवणे.

चिपच्या आतले मोजणीयंत्र

खरे निदान करणारी सोय प्रोसेसरच्या आतच असते. तिला 'परफॉर्मन्स काउंटर' म्हणतात. किती ठोके पडले, किती आज्ञा पूर्ण झाल्या, कॅशेत माहिती किती वेळा सापडली नाही, पुढच्या पायरीचा अंदाज किती वेळा चुकला, हे सगळे ते मोजतात. इंटेलच्या पेंटियममध्ये १९९३ मध्येच ते होते, पण कंपनीने त्यांचा तपशील उघड केला नव्हता. नॉर्वेचे प्रोग्रॅमर टेर्ये मॅथिसेन यांनी १९९४ मध्ये 'बाइट' मासिकात तो लिहिला. लिनक्समध्ये २००९ पासून 'पर्फ' या साधनाने हे आकडे वाचता येतात. सर्वांत उपयोगी आकडा म्हणजे दर ठोक्याला पूर्ण झालेल्या आज्ञा. तो एकच्या बराच खाली असेल, तर प्रोसेसर बहुधा मेमरीची वाट पाहतो आहे, असा संशय घ्यायचा.

मोजण्याजोग्या घटना शेकड्यांनी आणि काउंटर मात्र प्रत्येक गाभ्यामागे साधारण चार ते आठ. म्हणून वॉर्डात एकच बीपीचे यंत्र फिरवावे तसे ते आळीपाळीने वापरावे लागतात आणि मधल्या काळाचा अंदाज बांधावा लागतो.

बिऱ्हाडे अनेक, काउंटर तेच

व्हर्च्युअल मशिनमध्ये गुंता वाढतो. प्रोसेसर एका मशिनकडून दुसऱ्याकडे गेला की हायपरवायजरने पहिल्याचे आकडे जपून ठेवून दुसऱ्याचे भरायला हवेत; नाहीतर एका रुग्णाची नाडी दुसऱ्याच्या केसपेपरवर लिहिली जाईल. शिवाय काउंटरची मांडणी बदलायची तर पुष्कळदा हायपरवायजरला मध्ये पडावे लागते, आणि अशा एका फेरीत हजाराच्या घरातले ठोके खर्च होतात. डॉक्टर दिसताच काहींचा रक्तदाब वाढतो, तसे मोजणीनेच मोजायची गोष्ट बदलते.

सुरक्षेचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. या सूक्ष्म आकड्यांवरून त्याच चिपवरील शेजारी काय करतो आहे, याचा माग काढता येऊ शकतो. म्हणून क्लाउड कंपन्या बहुधा हे काउंटर ग्राहकापासून झाकून ठेवतात. अख्खी चिप एकाच ग्राहकाकडे असेल तर हा धोका उरत नाही. अमेझॉनच्या क्लाउडवर अशा यंत्रांमध्ये काउंटर मिळू लागल्याचे नेटफ्लिक्समधील अभियंता ब्रेंडन ग्रेग यांनी २०१७ मध्ये लिहिले होते.

मग लहान मशिन भाड्याने घेणाऱ्याने काय करावे? लिनक्स 'स्टील टाइम' नावाचा आकडा दाखवते. मशिन कामाला तयार होते, पण प्रोसेसर दुसऱ्याकडे होता, असा हा वेळ. रुग्ण स्ट्रेचरवर तयार आणि शस्त्रक्रियागृहात दुसरीच केस सुरू, तसे. हा आकडा सतत मोठा असेल, तर दोष आपल्या प्रोग्रॅममध्ये शोधण्यात अर्थ नाही. सेवा देणाऱ्याला विचारले पाहिजे. मात्र शेजाऱ्याने सामाईक कॅशे व्यापून टाकला, तर ते स्टील टाइममध्ये दिसत नाही. ते दाखवतात फक्त काउंटर.

करारातच विचारा

म्हणून रुग्णालयासाठी सर्व्हर घेताना किती गाभे आणि किती मेमरी एवढेच विचारून भागत नाही. यंत्र मंदावले तर तपासणी कोण करणार, ग्राहकाला काउंटर दिसतील का, नसतील तर सेवा देणारा स्वतः ते पाहून लेखी कारण देईल का, हेही कागदावर यायला हवे. स्टील टाइमची नोंद रोज ठेवायला तर एक पैसाही लागत नाही.

खिडकीतल्या कारकुनाला यातले काही ठाऊक असण्याची गरज नाही. पण मोठे यंत्र मागवणाऱ्या फाइलवर सही करणाऱ्याने आधी तपासणीचा अहवाल मागायला हवा. नाहीतर नवे यंत्र येईल, बिल भरले जाईल आणि रांग जिन्यापर्यंतच राहील.