हळर्णच्या कोटापासून मत्रहच्या बाजारापर्यंत

आपल्या संघाच्या स्मरणिकेत दरवर्षी व्यापारविषयक लेख असतातच. यंदा संपादक मंडळाने आम्हांस प्रवासाविषयी लिहिण्याची आज्ञा केली, आणि व्यापाऱ्याचा प्रवास अखेर बाजारातच जाऊन पोहोचतो, हे ध्यानी ठेवून वाचकांनी पुढील मजकूर गोड मानून घ्यावा.

गेल्या डिसेंबरात आम्ही सहकुटुंब मस्कतला जाऊन आलो. आमचे धाकटे बंधू नोकरीनिमित्त तेथील रुवी भागात राहतात. त्यांचे बोलावणे अनेक वर्षांचे होते. परंतु तीर्थरूप दुकान सोडावयास तयार होत नसत. २०२३ च्या जानेवारीपासून आमच्याच पेडणे तालुक्यात, मोपा येथे, विमानांची ये-जा सुरू झाली आणि त्यांची शेवटची सबब संपली. मातोश्रींनी आठ दिवस आधीपासून खाकरे भाजावयास घेतले होते.

हळर्ण गाव ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगावयाचे तर शापोरा नदीच्या काठी भोसल्यांचा एक जुना कोट आहे. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी तो घेतला, आणि त्या विजयाबद्दल त्यांच्या व्हाइसरॉयाला पुढे ‘अलोर्नाचे मार्केस’ असा किताब मिळाला. अलोर्ना म्हणजे आमचे हळर्ण. त्या कोटाच्या भिंतींवर आमचे बालपण गेले. म्हणूनच मस्कतच्या बंदरात खडकांवर समोरासमोर उभे असलेले जलाली आणि मिरानी हे दोन किल्ले दिसताच आमचे चिरंजीव उद्गारले, “हे तर आपल्याच लोकांचे!” पोर्तुगीज हे ‘आपले लोक’ कसे झाले याचा खुलासा करण्याच्या भानगडीत आम्ही पडलो नाही. परंतु मुलाची नजर चुकली नव्हती. अल्बुकर्कने १५०७ मध्ये मस्कत जाळले आणि तीनच वर्षांनी गोवा घेतले. आजच्या स्वरूपातील हे दोन्ही किल्ले पोर्तुगीजांनी १५८७-८८ च्या सुमारास पुरे केले.

किल्ल्यांकडे पुन्हा येऊच. आधी बाजार.

मत्रहचा बाजार हा मस्कतचा जुना बाजार. समुद्रालगतच्या रस्त्यावरून आत शिरले की अरुंद, छप्पर घातलेल्या गल्ल्या लागतात. पूर्वी आत ऊन पोहोचत नसे म्हणून त्यास ‘अंधाराचा बाजार’ असेही नाव पडले. आम्ही हौसेने शुक्रवारी सकाळीच निघालो, कारण शुक्रवार म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे म्हापसा उभे राहते. पाहतो तो सारी दुकाने बंद! तेथे शुक्रवारची सकाळ नमाजाची. आणि एरवीही दुपारी बंद झालेला बाजार चारनंतर उघडतो. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या मंडळींची येथे थोडी पंचाईत होते, कारण डिसेंबरात तेथे साडेपाचच्या आतच सूर्य मावळतो आणि बाजाराला रंग चढतो तो त्यानंतर. जाणाऱ्या सभासदांनी चारच्या आधी जेवून निघावे. रुवी भागात शाकाहारी भोजनाची सोय चांगली आहे. मात्र कांदा-बटाट्याविषयी आधी सांगावे लागते.

लोबानाच्या दुकानांपुढे आमचे पाय सर्वांत अधिक रेंगाळले. दक्षिणेकडील धोफार प्रांतातील झाडांच्या सालीला चीर देतात. पाझरणारा चीक वाळून त्याचे खडे होतात. खडा जितका पांढुरका-हिरवट आणि स्वच्छ, तितका तो उंची. सर्वांत वरच्या प्रतीस ‘होजरी’ म्हणतात. तीर्थरूपांनी खडा बोटांत फिरवला, उजेडाकडे धरला, हुंगला आणि तीन ढिगांतून अचूक मधला ढीग बाजूला काढला. दुकानदार हसला व त्याने हिंदीत विचारले, “शेठजी, किराण्याचे दुकान आहे ना?”

किमतीच्या पाट्यांनी मात्र मातोश्रींची तारांबळ उडाली. एका रियालाचे हजार बैसे होत असल्याने दीड रियाल हा ‘१.५००’ असा लिहितात. “दीड हजार? धूप जाळायचा की घर?” असे म्हणून त्या तडक बाहेर पडल्या होत्या. ‘बैसा’ हा आपला पैसाच. १९७० मध्ये ओमानचे स्वतःचे चलन आले, तोवर तेथे व्यवहारात रुपया होता. चिरंजीवांनी हट्टाने घेतलेल्या पितळी उंटाच्या पोटाखाली ‘भारतात निर्मित’ अशी चिठ्ठी निघाली, तो भाग निराळा.

या बाजारात आपली माणसे नवी नव्हेत. बाजारालगतच सूर अल-लवातिया ही तटबंद वस्ती आहे. तेथील लोकांच्या घरची बोली सिंधीच्या नात्यातली. कच्छमधील मांडवीहून आलेल्या भाटिया कुटुंबाची खिमजी रामदास ही पेढी १८७० पासूनची. त्याच घराण्यातील कनकसी खिमजी यांना सुलतानांनी शेख हा मान दिला होता. २०२१ मध्ये ते निवर्तले.

आणि त्याहूनही जुनी एक कथा आहे. ती बंधूंनी आम्हांस जलाली किल्ल्यासमोर, राजवाड्याजवळच्या मोकळ्या जागेत बसून सांगितली. १६५० मध्ये ओमानींनी पोर्तुगीजांकडून मस्कत घेतले. इब्न रुझैक हा एकोणिसाव्या शतकातील ओमानी बखरकार सांगतो की, नरोत्तम नावाचा एक बनिया पोर्तुगीज ठाण्याला रसद पुरवीत असे. ठाणेदाराने त्याच्या मुलीस मागणी घातली आणि नकार मिळताच धाकदपटशा सुरू केला. नरोत्तमाने वरकरणी होकार दिला, लग्नाच्या तयारीस अवधी मागितला, आणि मग ठाणेदारास सुचविले की टाक्यांतील पाणी नासले आहे, धान्य जुने झाले आहे, दारूही बिघडली आहे, तेव्हा सारे उपसून नवे भरावे. किल्ला रिकामा होताच त्याने इमामास निरोप धाडला. पुढे इमामाने त्याच्या घराण्यास कर माफ केला. ही कथा घटनेनंतर दोनशे वर्षांनी लिहिलेली आहे, हे खरे. तरी ती ऐकून आमच्यात जो वाद पेटला तो अगदी ताजा होता.

तीर्थरूप म्हणाले, “चांगला माल नासका म्हणून सांगितला. ज्याने रसदीचा भरवसा ठेवला, त्यालाच फसविले.” चाळीस वर्षे ज्यांनी तराजूचा काटा स्थिर झाल्यावाचून पुडी बांधली नाही, त्यांच्या तोंडून दुसरे काय येणार? आमच्या सौभाग्यवती एरवी त्यांच्यापुढे बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र मुलीच्या खांद्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, “मामंजी, मुलगी तराजूत घालायला सांगणाऱ्याशी कसला आला भरवसा?”

आम्हांस विचाराल तर आम्ही सौभाग्यवतींच्या बाजूचे. परंतु तीर्थरूपांचे म्हणणेही आम्हांस झटकून टाकता आले नाही. ते बराच वेळ मिरानीकडे पाहत राहिले. त्यांनी एवढेच विचारले, “त्या मुलीचे नाव बखरीत दिले आहे का?” बंधूंना ते सांगता आले नाही.

परतल्यावर पहिल्या सकाळी त्यांनी दुकान उघडून लोबानाचा एक खडा निखाऱ्यावर ठेवला. गिऱ्हाइके वास घेत आत आली. कोणी भाव विचारला, तेव्हा ते म्हणाले, “विकायचा नाही.” आणि मग आमच्या कन्येस हाक मारून त्यांनी तिला गल्ल्यावर बसविले.