दुर्बीण अवकाशात, अफवा जमिनीवर

हबल दुर्बीण चिनहटहून किती लांब आहे? लखनऊच्या या पूर्वेकडच्या टोकाहून रस्त्याने दिल्ली गाठायला जेवढे किलोमीटर पडतात, साधारण तेवढीच; फक्त दिशा वरची. म्हणजे पाचशेच्या आसपास. ‘दुर्बिणी अवकाशात कशाला पाठवतात?’ असे कुणालाही विचारा, ‘ताऱ्यांच्या जवळ जायला’ हे उत्तर ठरलेले असते. पण सूर्य सोडला तर आपल्या सर्वांत जवळचा तारा चाळीस लाख कोटी किलोमीटरवर आहे. त्यातून पाचशे किलोमीटर वजा केले काय आणि न केले काय! जेम्स वेब दुर्बीण पंधरा लाख किलोमीटरवर आहे, तिलाही हाच हिशेब लागू.

खरी अडचण अंतराची नसून हवेची आहे. वातावरण जंबुपार म्हणजे अतिनील किरणे अडवते, अवरक्त किरणांपैकी बरीच गिळते, आणि जो प्रकाश खाली येऊ देते तोही थरथरवते. चिनहटला तर फैजाबाद रोडचे दिवे आणि पौष-माघातले धुके वेगळेच. वेब एवढी लांब नेली त्याचे कारण थंडी. ती अवरक्त प्रकाश टिपते, आणि कोणतीही उबदार वस्तू स्वतःच अवरक्तात उजळते. दुर्बीणच गरम असेल तर ती स्वतःच्याच उजेडाने दिपेल. म्हणून टेनिसच्या मैदानाएवढ्या पाच पदरी छत्रीच्या सावलीत तिचा साडेसहा मीटरचा आरसा उणे २२० अंशांच्याही खाली ठेवलेला आहे.

आता रंगांचे. ‘ती चित्रे संगणकावर रंगवलेली असतात, म्हणजे खोटी.’ यातले पहिले अर्धे वाक्य खरे आहे. वेबला दिसणारा बहुतेक प्रकाश माणसाच्या डोळ्याला दिसतच नाही. एकेका गाळणीतून करडी चित्रे घेतात. मग सर्वांत लांब तरंगलांबीला तांबडा, सर्वांत आखूडला निळा, असे क्रमाने रंग देतात. रंग नेमून दिलेले, पण क्रम खरा आणि तेजस्विता मोजलेली. शिवाय शास्त्रज्ञ त्या रंगीत चित्रावर काम करतच नाहीत. त्यांच्यासमोर असतात आकडे: कोणत्या गाळणीत किती प्रकाश आला. आपण भिंतीवर लावतो ते चित्र या कामाचा शेवट असतो, सुरुवात नव्हे.

हे एकदा ध्यानात आले की ‘हा सगळा अमेरिकेचा खेळ, आपण नुसते बघे’ हा गैरसमजही ढिला पडतो. आकडे वाचायला दुर्बीण मालकीची असावी लागत नाही. वेबची निरीक्षणे ठरावीक मुदतीनंतर, काही तर लगेचच, जगभर खुली होतात. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात, म्हणजे एनसीआरएत, राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी अशीच माहिती चाळली. आबेल २७४४ या दीर्घिकासमूहाच्या मागे त्यांना एक नेटकी सर्पिल दीर्घिका सापडली. तिचे नाव त्यांनी ठेवले अलकनंदा. आपल्या आकाशगंगेला हिंदीत मंदाकिनी म्हणतात, आणि हिमालयात अलकनंदा ही मंदाकिनीची बहीण. नोव्हेंबर २०२५ मध्ये हे संशोधन जाहीर झाले.

अलकनंदेचा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचे वय जेमतेम दीड अब्ज वर्षे होते. आज ते १३.८ अब्ज आहे. एवढ्या कोवळ्या विश्वात दीर्घिका म्हणजे वेडेवाकडे गोळे असणार, अशी समजूत होती. ही मात्र सुमारे तीस हजार प्रकाशवर्षे रुंद, मध्ये गाभा, दोन्ही बाजूंना सारखे वळलेले दोन हात, आणि हातांवर नव्या ताऱ्यांचे पुंजके मण्यांसारखे ओवलेले. दरवर्षी साधारण साठ सूर्यांइतके वस्तुमान ती ताऱ्यांत घडवत होती. पुढे असलेल्या दीर्घिकासमूहाच्या गुरुत्वाकर्षणाने तिचा प्रकाश दुप्पट झाला, तेव्हा तिचे बारकावे दिसले. वेगवेगळ्या एकवीस गाळण्यांतून तिचा प्रकाश मोजलेला होता, त्यामुळे अंतर आणि वय यांचा अंदाज भक्कम बसला.

आणि दुर्बीण आपली असेल तर? २८ सप्टेंबर २०१५ ला इस्रोने अ‍ॅस्ट्रोसॅट सोडला. त्यावरच्या अतिनील दुर्बिणीचा आरसा जेमतेम ३८ सेंटिमीटरचा; हबलचा २.४ मीटरचा. तरी पुण्याच्याच आयुका या खगोलसंस्थेतले कनक साहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यातून ९.३ अब्ज प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेचा तीव्र अतिनील प्रकाश टिपला, तोही हबलने कैक वेळा धुंडाळलेल्या आकाशाच्या तुकड्यात. ऑक्टोबर २०१६ मध्ये अठ्ठावीस तासांहून अधिक निरीक्षण, आणि शोधनिबंध छापून आला २०२० मध्ये. मधली वर्षे हा संकेत खरा की यंत्राचा, हे तपासण्यातही गेली. छोट्या दुर्बिणीला हे जमले ते तिच्या शोधकातला पार्श्वभूमीचा गोंगाट हबलच्या मानाने फार कमी असल्यामुळे. ‘आरसा मोठा तीच दुर्बीण सरस’ हा नियम दरवेळी चालत नाही, आणि मला या हकिकतीचे जास्त कौतुक वाटते ते त्यासाठीच.

लखनऊला हे वेड नवे नाही. नवाब नसीरुद्दीन हैदरने इथे वेधशाळा बांधायला घेतली, तीच तारेवाली कोठी. १८४९ मध्ये वाजिद अली शाहने ती बंद केली आणि तिची यंत्रे सत्तावनच्या धामधुमीत गेली. आज त्या इमारतीत स्टेट बँक आहे.

अलकनंदेसारख्या बातम्यांमागून एक आरोळी हमखास येते: ‘वेबने महास्फोट खोटा ठरवला!’ नाही ठरवला. विश्व तीस कोटी वर्षांचेही नव्हते तेव्हाच्या तेजस्वी दीर्घिका वेबने दाखवल्या, हे खरे. त्यामुळे पहिल्या दीर्घिका किती झपाट्याने घडल्या, हे गणित पुन्हा मांडावे लागते आहे. पण महास्फोटाचा सिद्धांत उभा आहे तो विश्वाचे प्रसरण, सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मलहरी प्रारण आणि हायड्रोजन-हेलियमचे प्रमाण यांवर. त्याला अलकनंदेने धक्का लागलेला नाही. जयंत नारळीकरांचा या सिद्धांताला जन्मभर विरोध होता. फ्रेड हॉईल यांच्याबरोबर त्यांनी पर्यायी सिद्धांत मांडले, समीकरणांसह मांडले, आणि बहुसंख्यांना ते पटले नाहीत. असहमती नोंदवायची तर ती अशी. मथळ्यातल्या उद्गारचिन्हाने सिद्धांत पडत नसतो.

मरणाऱ्या ताऱ्यांबद्दल तर कवींनीच गोंधळ घालून ठेवला आहे. ‘आपण पाहतो त्यातले बहुतेक तारे केव्हाच मेलेत, फक्त प्रकाश येतोय.’ ऐकायला छान, पण चूक. प्रकाशाला वेळ लागतो हे बरोबर. कुणा ताऱ्याचे अंतर एकशे सत्तर प्रकाशवर्षांच्या आसपास असेल, तर ३० जून १८५७ ला चिनहटच्या लढाईत हेन्री लॉरेन्सची फौज हटली त्या सुमाराचा त्याचा प्रकाश आज पोचतो. पण नुसत्या डोळ्यांनी दिसणारे बहुतेक तारे काही हजार प्रकाशवर्षांच्या आतले, आणि त्यांची आयुष्ये लाखो नव्हे, कोटी-अब्ज वर्षांची. एवढ्या काळात त्यातला एखादा गेला असेल तर असेल. बाकीचे ठणठणीत आहेत.

मृगातला तांबूस काक्षी तारा २०१९-२० च्या हिवाळ्यात मंद झाला, तेव्हा ‘आता फुटणार’ म्हणून गलका झाला. हबलच्या निरीक्षणांतून उलगडले की ताऱ्याने वायूचा मोठा लोट बाहेर फेकला, तो निवून त्याची धूळ झाली आणि तिने ताऱ्याचा काही भाग झाकला. काक्षी फुटेल, पण उद्या की लाख वर्षांनी, हे सांगता येत नाही. आपला सूर्य मात्र फुटणार नाही, तेवढे त्याचे वस्तुमानच नाही. पाच अब्ज वर्षांनी तो फुगेल, बाहेरचे थर सोडून देईल आणि मागे श्वेतबटू उरेल. २०२२ च्या जुलैत वेबने दाखवलेल्या दक्षिण वलय तेजोमेघात नेमके असेच मरण दिसते. अशा मेघांना ‘ग्रहीय’ म्हणतात, पण त्यांचा ग्रहांशी संबंध नाही. जुन्या दुर्बिणींतून ते ग्रहाच्या तबकडीसारखे दिसत, एवढेच.

सगळ्यांत बेफाम बातम्या परग्रहांच्या. निळे समुद्र, ढग, दोन चंद्र! ते कल्पनाचित्र असते; तसे चित्राखाली बारीक अक्षरात लिहिलेलेही असते. प्रत्यक्षात ग्रह ताऱ्यासमोरून जातो, प्रकाशाचा इवलासा अंश त्याच्या वातावरणातून गाळून येतो, आणि कोणते रंग कमी पडले यावरून वायू ओळखतात. वेबने २०२२ मध्ये सुमारे सातशे प्रकाशवर्षांवरच्या वास्प-३९ बी ग्रहावर कार्बन डायऑक्साइड असा स्पष्टपणे पकडला. तो ग्रह तापलेल्या वायूचा गोळा आहे. तिथे राहायला कुणी जाणार नाही.

के२-१८ बी हे नाव मात्र वाचकांच्या कानावरून गेलेले असणार. १२४ प्रकाशवर्षांवरचा, पृथ्वीच्या अडीचपट रुंदीहून थोडा मोठा, ३३ दिवसांत ताऱ्याभोवती फिरणारा. वाराणसीच्या आयआयटीत शिकलेले आणि आता केंब्रिजमध्ये असलेले निक्कू मधुसूदन यांच्या गटाने २०२३ मध्ये तिथे मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड असल्याचे सांगितले. एप्रिल २०२५ मध्ये त्याच गटाने डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याच्या जवळच्या रेणूची चाहूल लागल्याचे जाहीर केले. पृथ्वीवर तो मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींपासून येतो. झाले, ‘परग्रहावर जीव सापडला’! खुद्द त्या गटाचा दावा सांख्यिकी खात्रीच्या मोजपट्टीवर ‘तीन सिग्मा’चा होता, आणि शोध म्हणायला ‘पाच सिग्मा’ लागतात हेही त्यांनी सांगितले होते. नंतर इतर गटांनी तेच आकडे पुन्हा तपासले, आणि अनेकांना तो रेणू त्यात ठामपणे दिसला नाही. शिवाय धूमकेतूवरही तो आढळला आहे, म्हणजे जीवाशिवायही तो बनू शकतो.

तेव्हा पुढची अशी बातमी पुढे पाठवण्याआधी दोन गोष्टी पाहा: चित्राखाली ‘कल्पनाचित्र’ लिहिले आहे का, आणि दुसऱ्या कुणी तो निष्कर्ष पडताळला आहे का. आजवर सहा हजारांहून अधिक परग्रह नक्की झाले आहेत. त्यातल्या एकावरही जीवसृष्टी सिद्ध झालेली नाही.