पेटी नाही, गळा नाही, तरी गाण्याचा तास होतो

बीड जिल्ह्यात परळी तालुक्यातल्या सिरसाळ्यासारख्या गावात प्राथमिक शाळेतल्या गाण्याच्या तासाचा विषय काढला, की एका दमात तीन उत्तरं येतात. संगीताचे सर नाहीत. पेटी नाही. आणि आमच्या गळ्यात कुठं गाणं आहे! तिन्ही उत्तरं प्रामाणिक असतात आणि तिन्ही अपुरी. ज्या भागात ही उत्तरं मिळतात, तिथंच गावोगाव हरिनाम सप्ताह बसतात, पहाटे काकडा होतो आणि चौथीतलं पोर टाळ घेऊन मोठ्या माणसांच्या रांगेत पावली खेळतं. त्याचा ठेका चुकत नाही. पोरांच्या कानावर गाणं पडत नाही अशी इथली अडचण कधीच नव्हती. शाळेच्या फाटकात शिरल्यावर ते गाणं कुठं जातं, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याच्या मुळाशी बरेचसे गैरसमज आहेत.

‘संगीत शिक्षक नेमल्याशिवाय काही होणार नाही’

शिक्षण हक्क कायदा २००९ची अनुसूची उघडून पाहावी. सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत, असं तिथं म्हटलं आहे. पहिली ते पाचवीसाठी अशी तरतूदच नाही. तिथं साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एवढाच हिशोब. म्हणजे तिसरीच्या वर्गात संगीत शिक्षक येईल म्हणून थांबणारी शाळा कायद्यानं कबूल न केलेल्या माणसाची वाट पाहत असते. ही तरतूद व्हावी अशी मागणी जरूर करावी. पण विषय मात्र आजही अभ्यासक्रमात आहे आणि तो वर्गशिक्षकाकडेच आहे. बालभारतीच्या ‘खेळू, करू, शिकू’ या पुस्तकांत गायन, वादन, नृत्य, नाट्य हे सगळं चित्र आणि मातीकामाच्या शेजारीच बसवलेलं आहे. बहुतेक शाळांत त्यातली चित्रं रंगवून होतात, गायन-वादनाची पानं कोरी करकरीत राहतात.

‘हे पोरगं बेसूरच आहे’

इथं जरा थांबावं लागेल, कारण सगळ्यांत जास्त नुकसान या एका वाक्यानं होतं. दुसरीत ऐकलेलं ‘तू नुसते ओठ हलव’ माणूस साठाव्या वर्षीही विसरत नाही.

सुरांमधला फरक मेंदूला खरोखरच ओळखता न येणं ही जन्मजात स्थिती असते, पण ती विरळ. पूर्वी तिचं प्रमाण चार टक्के धरत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत ते दीड टक्क्याच्या आसपास निघालं. चाळीस मुलांच्या वर्गात असं मूल सरासरीनं एकही भरत नाही. मग प्रत्येक वर्गात पाचसात ‘बेसूर’ पोरं कुठून येतात?

बऱ्याचदा ती गुरुजींच्या आवाजातून येतात. पुरुषाचा बोलण्याचा आवाज सेकंदाला साधारण १०० ते १३० कंपनांचा असतो. सात-आठ वर्षांच्या मुलाचा अडीचशे-तीनशेचा, म्हणजे जवळपास एक सप्तक वर. गुरुजी काळी एकचा, म्हणजे पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीचा, सा धरून ओळ सांगतात. ती मुलांनी वरच्या सप्तकात म्हणायची असते, आणि बहुतेक मुलं न सांगता तसंच करतात. पण काही मुलं जास्तच आज्ञाधारक असतात. गुरुजींच्या गळ्यातून जो खर्ज निघाला तोच जसाच्या तसा काढायला जातात. तितकं खाली त्यांच्या गळ्यात काही नसतंच. मग एकाच जागी घुमणारा, ओढल्यासारखा आवाज येतो आणि शिक्का बसतो. बाईंच्या आवाजावरून किंवा दुसऱ्या मुलाच्या आवाजावरून सूर पकडणं मुलांना सोपं जातं. तेव्हा वर्ग गुरुजींचा असेल तर ओळ सांगायला एखादी सुरेल मुलगी पुढं उभी करावी. त्यात गुरुजींचा मान कमी होत नाही.

दुसरा उपाय याच्या उलटा आहे. मूल सूर पकडत नसेल तर आपण मुलाचा सूर पकडावा. शेताच्या पलीकडच्या बांधावर असलेल्या आईला हाक कशी मारशील, असं विचारावं. ज्या पोराला ‘सा’ लागत नाही, त्याची हाक मात्र मोकळी, उंच आणि ठाम स्वरावर टेकलेली निघते. तोच स्वर आपण गुणगुणावा, त्यावरच गाण्याची पहिली ओळ सुरू करावी आणि मग हळूहळू वर्गाच्या पट्टीकडे सरकावं. पट्टीचंही एक साधं गणित आहे. मध्य सप्तकातल्या पांढरी एक ते काळी दोनच्या मध्ये सा धरला आणि गाणं सा ते ध एवढ्यातच फिरणारं निवडलं, तर बहुतेक वर्ग सुखानं गातो. बडबडगीतं आणि खेळगाणी तेवढ्यातच असतात. सिनेमातली गाणी त्याबाहेर कधीच निघून जातात, आणि मग पोरं कर्कश वाटतात.

‘मोठ्यानं म्हणा!’

परिपाठातलं हे सगळ्यांत लाडकं वाक्य. राष्ट्रगीत सुमारे ५२ सेकंदांचं, १९ फेब्रुवारी २०२३पासून त्यात राज्यगीताची एक मिनिट ४१ सेकंदांची भर, शिवाय प्रार्थना आणि एखादं समूहगीत. म्हणजे रोज पाचेक मिनिटं अख्खी शाळा गात असते. संगीताला वेळ नाही म्हणणाऱ्यांनी ही मिनिटं मोजलेलीच नसतात. पण त्या वेळात पोरं बेंबीच्या देठापासून ओरडतात, कारण आवाज गावात ऐकू गेला म्हणजे शाळा चांगली, असा आपला समज. ओरडण्यानं सूर वर सरकतो, शेजाऱ्याचा आवाज ऐकू येत नाही, आणि ऐकू येत नसेल तर जुळवणार कशाशी? मुलांचा आवाज सतत घोगरा राहण्यामागं स्वरतंतूंवर येणाऱ्या लहान गाठी हे एक नेहमीचं कारण असतं, आणि त्या ताणून ओरडण्यानंच येतात. आठवड्यातून एक दिवस प्रार्थना शेजारचा ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणून पाहावी. ऐकणाऱ्याला फरक लगेच कळेल.

‘पेटी-तबला नाही, मग कशावर शिकवायचं?’

हार्मोनियमचं पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबेन यांनी घेतलं. त्याआधी कित्येक शतकं इथं गाणं होतंच. संगीतावरचा ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ शार्ङ्गदेवानं तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयानं लिहिला, म्हणजे आपल्या मराठवाड्यातच. आकाशवाणीनं तर पेटीवर १९४०पासून तीसेक वर्षं बंदी घातली होती. पेटीचे बांधील स्वर आपल्या गायकीला सोसत नाहीत, असा आक्षेप होता. तो सगळा वाद इथं नको. पण देशभरातल्या गवयांचं रेडिओवर पेटीवाचून इतकी वर्षं भागलं, तर तिसरीच्या वर्गाचंही भागायला हरकत नाही. मुलांना सूर शिकवायला माणसाचा आवाज पेटीपेक्षा केव्हाही बरा. मोबाईलवर गाणं लावून ब्लूटूथ स्पीकर टेबलावर ठेवणं हा मात्र त्याला पर्याय नव्हे. मागं वाद्यांचा गजर असला की पोरांना स्वतःचा आवाजच ऐकू येत नाही.

तालाला तर काहीच विकत आणावं लागत नाही. टाळी, चुटकी, मांडी, बाक. भजनी ठेका आठ मात्रांचा, केरवाही आठच मात्रांचा, दादरा सहांचा. आठ पावलं चालायची, पहिल्या पावलाला टाळी. मग टाळी फक्त पाचव्याला. मग तोंडानं न मोजता. ज्या पोरानं सप्ताहात पावली खेळली आहे त्याला हे पाच मिनिटांत जमतं, उलट तेच शिक्षकांना शिकवतं. लेझीम बऱ्याच शाळांत असते, पण ती शारीरिक शिक्षणाच्या कपाटात कुलूपबंद. ती बाहेर काढली की तालाचा तास उभा राहिला.

आणि मग हलगी. हिच्याबद्दलचा गैरसमज उघडपणे कुणी बोलत नाही. हलगी, संबळ, दिमडी, तुणतुणं ही वाद्यं कुणाची, हे गावाला पाठ असतं, आणि त्यामुळंच ती शाळेत ‘वाद्य’ म्हणून येत नाहीत. मिरवणुकीत चालतात, वर्गात नाही. वास्तविक एका हातात जाड आणि दुसऱ्या हातात बारीक काडी घेऊन हलगीवर लय पेलणं हे शिकण्यासारखं आणि शिकवण्यासारखं कसब आहे. कातडं शेकल्यावर स्वर का चढतो, हा तर परिसर अभ्यासाचा पाठ झाला. वर्गातल्या ज्या मुलाच्या घरी हलगी आहे, त्याच्या वडिलांना किंवा आजोबांना शाळेनं सन्मानानं बोलवावं. मैदानात बोलवावं, कारण बंद खोलीत तो आवाज पोरांच्या कानांना झेपत नाही. त्या दिवशी ते मूल वर्गात कसं बसतं, ते शिक्षकांनी पाहावं.

गावातल्या वाद्याला आणि गाण्याला मान मिळतो, याचा दाखला बीड जिल्ह्याला बाहेरून आणायची गरज नाही. अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर पखवाज वाजवत राहिले आणि १९८६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणि माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी गायिलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या १९९६मध्ये ध्वनिमुद्रित झाल्या. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी महाराष्ट्रभर फिरून उभ्या केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रचंड संग्रहातला तो भाग आहे. सिरसाळ्याच्या पोरांना हे शेजारच्याच तालुक्यांतलं आहे. आजीला येत असलेली एक ओवी ऐकून यायची आणि वर्गात म्हणायची, एवढा गृहपाठ पुरे.

‘आधी सा रे ग म पाठ, मग गाणं’

हा क्लासचा रस्ता झाला. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पं. भातखंड्यांनी चिजा गोळा करून स्वरलिपीत बांधल्या आणि क्रमिक पुस्तकं केली. दोघांचे उपकार फार मोठे आहेत. गांधर्व मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षा देणारी मुलं आज गावागावांत आहेत, त्यांनी त्या द्याव्यातच. पण स्वरलिपी ही आधी ऐकलेलं टिपून ठेवण्याची सोय आहे. जे कानात नाही ते कागदावर वाचून गळ्यात येत नाही. हंगेरीत झोल्टान कोडायनं शालेय संगीताची जी पद्धत रुजवली, तीही याच क्रमानं जाते: आधी लोकगीत गा, खेळा, चाला, मग त्यातल्या स्वरांना नावं, लिहिणं सगळ्यांत शेवटी. आपल्याकडं मूल बोलायला शिकल्यावर मुळाक्षरं गिरवतं, गाण्याच्या तासाला मात्र आपण गिरवण्यापासून सुरुवात करतो आणि पोरांना कंटाळा आला की संगीताची आवड नाही म्हणतो.

‘गाण्यानं गणित सुधारतं’

हा गैरसमज संगीताच्या बाजूनं आहे, म्हणून तो खोडायला संगीतवालेच कचरतात. १९९३ साली ‘नेचर’ या विज्ञानविषयक नियतकालिकात एक छोटा प्रयोग छापून आला. महाविद्यालयातल्या ३६ विद्यार्थ्यांनी मोत्सार्टची रचना दहा मिनिटं ऐकली आणि आकृत्यांच्या एका चाचणीत ते थोडे पुढं गेले. परिणाम टिकला दहा-पंधरा मिनिटं. त्यात लहान मूल एकही नव्हतं. पण गोष्ट अशी पसरली, की १९९८मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला अशा संगीताची तबकडी देण्यासाठी सरकारी निधीच मागितला. पुढं २००४मध्ये टोरांटोत सहा वर्षांच्या १४४ मुलांवर वर्षभर नीट अभ्यास झाला. संगीत शिकलेल्यांचा बुद्ध्यांक सरासरी सातने वाढला, न शिकलेल्यांचाही चारच्या वर वाढला. शाळेत जाऊन तो वाढतोच. २०२०मध्ये अशा ५४ अभ्यासांची, जवळपास सात हजार मुलांची, एकत्र छाननी झाली. संगीताऐवजी दुसरं काही शिकणाऱ्या मुलांशी तुलना केली, तर फरक उरलाच नाही म्हणावा इतका कमी निघाला.

पालकांना हे सांगून टाकलेलं बरं. गणित गणितानं सुधारतं. गाण्याच्या तासाला गाणं येतं, आणि तेवढं त्याला पुरेसं आहे.

‘गॅदरिंगला बसवतो की गाणी!’

बसवतात, आणि मेहनतीनं बसवतात. पण दहा-बारा निवडक पोरं, महिनाभर एकच गाणं, तेही बहुधा रेकॉर्डवर नाचायचं. बाकीचा वर्ग प्रेक्षक. बीड जिल्ह्यात याला आणखी एक पदर आहे. गॅदरिंग जानेवारी-फेब्रुवारीत होतं. ऊसतोड टोळ्या दिवाळीच्या आगेमागे निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये कारखान्यांचा हंगाम संपल्यावर परततात. जी मुलं आईबापांबरोबर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर असतात, ती स्टेजवर कधी नसतातच. काही आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, त्यांची सोय थोडी बरी. म्हणजे शाळेचं सगळं संगीत गॅदरिंगला बांधलं, की कोणती मुलं त्यातून वगळली जाणार हे आईबापांनी मुकादमाकडून घेतलेल्या उचलीबरोबरच ठरून जातं.

या मुलांच्या वाट्याला जून ते ऑक्टोबर आणि परतल्यावरचा उरलासुरला उन्हाळा येतो. म्हणून गाण्याचा तास जूनमध्ये शाळा उघडल्याच्या पहिल्या आठवड्यापासून लागावा, रोज दहा मिनिटं, अख्ख्या वर्गाचा. दिवाळीपर्यंत दहा-बारा गाणी तोंडपाठ झाली तर ती टोळीबरोबर फडावर जातात. त्यांना वही लागत नाही, दप्तर लागत नाही. मूल परत आलं, की मधल्या काळात तिकडं काय ऐकलंस, हे विचारावं. बेळगावकडच्या फडावरून आलेलं पोर एखादं कानडी गाणं घेऊन आलेलं असतं. वर्गाला ते शिकवायला त्यालाच उभं करावं.