न आलेल्या पैशाचा हिशेब

रांजणगावच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारा तरुण असो, की भीमेपलीकडे दौंड तालुक्यात उसाच्या बिलातून मुलीच्या सुकन्या खात्यात भर घालणारा शेतकरी, पोस्टाशी त्यांचा संबंध आता पत्रांचा कमी आणि पैशांचा जास्त आहे. गावच्या शाखा डाकघरात ग्रामीण डाक सेवक आरडीचे हजार रुपये घेतो, हातातल्या यंत्रावर नोंद करतो, पावती फाडून देतो आणि पासबुकात आकडा लिहून तारखेचा शिक्का मारतो. दिवसाचा हिशेब आणि जास्तीची रोकड वरच्या कार्यालयाकडे जाते. आता यातली एकच पायरी गाळून पाहा. पैसे घेतले, पासबुकात लिहिले, शिक्काही उठवला. फक्त यंत्रावर नोंद केली नाही. संगणकाच्या लेखी ते हजार रुपये आलेलेच नाहीत. त्यामुळे रोकड जुळते, रोजचा हिशेब जुळतो, वर्षाचा ताळाही जुळतो. जो पैसा आलाच नाही, त्याची तूट दिसणार कशी? त्याचा पुरावा एकच, आणि तो असतो ठेवीदाराच्या घरी, ट्रंकेत, लुगड्याच्या घडीखाली.

पोस्टाच्या लेखापरीक्षणाची खरी अडचण इथे आहे. लेखापरीक्षण होतच नाही, असे अजिबात नाही. टपाल खाते हे केंद्र सरकारचेच खाते असल्यामुळे त्याचे हिशेब महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग तपासतो. राज्यघटनेच्या १५१व्या कलमानुसार त्याचा अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेत येतो आणि लोकलेखा समिती त्याची छाननी करू शकते. २०२२ साली मांडलेल्या अशाच एका अहवालाने टपाल कर्मचाऱ्यांनी केलेला ९५ कोटींहून अधिक रुपयांचा अपहार उजेडात आणला, आणि त्यातली प्रकरणे जवळजवळ दोन दशकांवर पसरलेली होती. अहवाल कडक होता, यात शंका नाही. पण कॅग नमुन्यादाखल कार्यालये निवडतो, तीही सरकारच्या वह्यांच्या बाजूने पाहतो, आणि बोलतो संसदेशी. शिरूरच्या ठेवीदाराला पत्र लिहून ‘तुमच्या खात्यात अमुक इतके कमी आहेत’ असे कळवणे हे त्याचे कामच नव्हे.

ते काम खात्याच्या डाक निरीक्षकाचे. दरवर्षी शाखेची तपासणी करायची, काही पासबुके मागवून खातेवहीशी ताडून पाहायची. कागदावर ही पद्धत चोख आहे. पण अपहार सापडला की खाते मुख्य दोषीपाशी थांबत नाही. देखरेखीत कसूर केली म्हणून वरच्यांनाही ‘दुय्यम दोषी’ ठरवून त्यांच्या पगारातून वसुली लावली जाते. जबाबदारी ठरावी हा हेतू रास्तच. परिणाम मात्र उलटा होऊ शकतो. तीन वर्षांपूर्वीची खोटी नोंद शोधून काढणारा निरीक्षक मधल्या तपासण्यांत ती स्वतःच्या किंवा आपल्या सहकाऱ्याच्या नजरेतून कशी सुटली, याचा पुरावाही त्याच कागदावर लिहीत असतो. माणूस कितीही सचोटीचा असला तरी त्याच्यासमोर असा पेच टाकणारी व्यवस्था शहाणपणाची म्हणता येत नाही.

तक्रार करायला जावे तरी तेच. अधीक्षक खात्याचे, डाक अदालतही खात्याचीच. गंमत अशी की २०१८ मध्ये सुरू झालेल्या इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे खाते त्याच टेबलावर, तोच डाक सेवक उघडून देतो. तिथल्या तक्रारीला मात्र रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचे दार उघडे आहे. शेजारच्या बचत खात्याला ते नाही, कारण ती योजना अर्थ मंत्रालयाच्या नियमांनी चालते. दूरसंचार आणि टपाल १९८५ पर्यंत एकाच घरात नांदत होते. वेगळे झाल्यावर दूरसंचारला १९९७ मध्ये ट्राय हे नियामक मिळाले. टपालाच्या वाट्याला कोणीच आले नाही. उलट १८९८ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या टपाल कायद्यानेही, नियमांत सांगितली असेल तेवढी सोडता, सेवेबाबत कोणतीच जबाबदारी पोस्टावर येत नाही असे लिहून ठेवले आहे. कर्मचाऱ्याने कामाच्या ओघात केलेल्या फसवणुकीला पोस्ट जबाबदार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये किसान विकास पत्रांच्या एका खटल्यात स्पष्ट केले, हा दिलासा खराच. पण त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे आता सगळे संगणकावर आहे, मोबाइलवर संदेश येतो, मग बाहेरचा पहारेकरी कशाला? संदेशाचा उपयोग आहेच. पण खात्याला जोडलेला नंबर पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाचा असला, तर गावातल्या आईला त्यातून काय कळणार? शिवाय न झालेल्या नोंदीचा संदेश येतच नाही, आणि न आलेल्या संदेशाची वाट फार थोडे लोक पाहतात. संगणकावर डोळे मिटून विश्वास टाकल्यावर काय होते, हे ब्रिटनने दाखवून दिले आहे. तिथे होरायझन या प्रणालीने दाखवलेल्या खोट्या तुटींमुळे १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक उपपोस्टमास्तर दोषी ठरले. त्यांतल्या बहुतेकांवर पोस्टाने स्वतःच तपास करून स्वतःच खटले भरले होते. २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणालीत दोष असल्याचे मान्य केले, आणि शिक्षा सरसकट रद्द करायला २०२४ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. तपास करणारा आणि आरोप ठेवणारा एकच असला की निर्दोषही भरडला जातो. आपल्याकडे चार-पाच तासांच्या कामावर महिन्याला बारा-चौदा हजारांच्या मूळ भत्त्यात राबणारा डाक सेवक ‘पुट ऑफ’ झाला, म्हणजे कामावरून दूर ठेवला गेला, की त्याची बाजूही खात्याचाच अधिकारी तपासतो. म्हणून बाहेरची देखरेख ही डाक सेवकावरचा अविश्वास नाही. त्यालाही तिची तेवढीच गरज आहे.

खर्चाचा आक्षेप वजनदार आहे. टपाल खाते तोट्यात चालते आणि देशभरात दीड लाखाहून अधिक टपाल कार्यालये आहेत. पण नवे मोठे कार्यालय थाटायलाच हवे असे नाही. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाची कक्षा पोस्टाच्या बचत खात्यांपर्यंत वाढवता येईल. त्याला अर्थ मंत्रालयाची इच्छा लागेल, नवी इमारत नाही. ट्रंकेतल्या पासबुकापर्यंत पोचायला मात्र गावातच जावे लागेल. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने सामाजिक अंकेक्षण सक्तीचे केले, गावकऱ्यांसमोर हजेरीपट वाचले गेले. पोस्टात ते जसेच्या तसे चालणार नाही; कोणाच्या खात्यात किती, हे चारचौघांत वाचणे गैर आहे, आणि भावकीचा विचार करता धोक्याचेही. पण ग्रामपंचायतीच्या खोलीत एकेका ठेवीदाराला आत बोलावता येते. खात्याशी संबंध नसलेला तपासनीस सर्व्हरवरून थेट काढलेला उतारा आणि पासबुक शेजारी ठेवून ओळीमागून ओळ ताडून पाहील. न जुळणाऱ्या ओळीखाली तिथेच तीन सह्या होतील: ठेवीदाराची, डाक सेवकाची आणि तपासनिसाची. त्या कागदाची एक प्रत ठेवीदार घरी नेईल.