जावाची जडणघडण, भाग ७ : फाइल मागायची कोणाकडे?

मागच्या भागात क्लासलोडरचा शिरस्ता पाहिला: आधी पालक लोडरला विचारायचं, त्याच्याकडे नसेल तरच स्वतः शोधायचं. जावा १.२ पासून, म्हणजे १९९८ पासून हे असंच चालत आलंय. याच यंत्रणेकडे आणखी एक काम आहे, फाइली शोधून देण्याचं. सेटिंगची प्रॉपर्टीज फाइल, ईमेलचा साचा, एखादी एक्सएमएल, असं जे जे कोडसोबत पाठवायचं ते सगळं.

नवखा प्रोग्रामर सरळ फाइलचं नाव देऊन ती उघडायला जातो. स्वतःच्या मशीनवर ते चालतं आणि टॉमकॅटवर चढवलं की बोंबलतं. नुसतं नाव दिलं तर जावा फाइल शोधते ती सर्व्हर ज्या फोल्डरातून सुरू झाला तिथे. तो कोणी बिन फोल्डरातून सुरू करतं, कोणी सर्व्हिस म्हणून. तुमच्या ॲपचा त्या जागेशी काही संबंध नसतो.

म्हणून फाइल क्लासलोडरकडे मागायची. मेव्हन प्रोजेक्टात ती सोर्स-मेन-रिसोर्सेसमध्ये ठेवली की बिल्ड झाल्यावर वेब-इन्फच्या क्लासेस फोल्डरात जाऊन बसते. पण मागण्याच्या दोन रीती आहेत आणि घोळ होतो तो एका स्लॅशवरून. समजा तुमचा क्लास 'कॉम.दुकान.बिल' या पॅकेजात आहे. क्लासवरच्या गेट-रिसोर्स-ॲज-स्ट्रीमला 'दर.प्रॉपर्टीज' असं नाव दिलं, तर ती कॉम/दुकान/बिल या फोल्डरात शोधते. नावाआधी स्लॅश दिला तर मुळापासून. क्लासलोडरवरची त्याच नावाची मेथड मात्र नेहमी मुळापासूनच शोधते, तिथे आधी स्लॅश द्यायचा नसतो. काही सर्व्हर हा जास्तीचा स्लॅश पोटात घालतात, आणि मग तोच कोड युनिट टेस्टमध्ये तोंडघशी पडतो. त्यात भर म्हणजे फाइल मिळाली नाही तर या मेथड एक्सेप्शन फेकत नाहीत, गुपचूप नल देतात. एरर येते ती पुढच्या भलत्याच ओळीवर. माझ्या मते जावाच्या एपीआयमधली ही एक खोडसाळ रचना आहे.

आता वेब ॲपची खरी गंमत. टॉमकॅट शिरस्ता उलटवतो: आधी ॲपचं वेब-इन्फ/क्लासेस, मग वेब-इन्फ/लिबमधले जार, आणि मग सर्व्हरचा सामायिक साठा. एकाच सर्व्हरवर दोन ॲप एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या वापरू शकतात ते यामुळेच. मात्र लिबमधल्या दोन जारांत एकाच नावाची लॉगबॅक.एक्सएमएल असेल तर कुठली लागेल याची हमी नाही.

पालकाला मुलाकडचं दिसत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. लायब्ररी सर्व्हरच्या सामायिक लिबमध्ये टाकली, तर तिच्या स्वतःच्या लोडरला तुमच्या ॲपमधली फाइल सापडणारच नाही. त्यासाठी थ्रेडचा कॉन्टेक्स्ट क्लासलोडर असतो. रिक्वेस्ट हाताळताना सर्व्हर तिथे तुमच्या ॲपचा लोडर लावून देतो. पण काम कम्प्लीटेबल-फ्यूचरवर सोपवलं आणि ते कॉमन पूलमध्ये गेलं, की जावा ९ पासून त्या थ्रेडला सिस्टिम क्लासलोडर मिळतो. जावा ८ वर सुरळीत चालणारा कोड अपग्रेडनंतर अचानक नल देऊ लागतो तो इथे. सरळ उपाय म्हणजे आपल्याच एखाद्या क्लासकडून लोडर घ्यायचा.

मिळालेल्या यूआरएलची परत फाइल करू नका. जारमधली वस्तू डिस्कवरची फाइल नसते, आणि पाथमध्ये स्पेस असली की तिचं %२० होतं. स्ट्रीम घ्या, वाचा, बंद करा. थेट वेब-इन्फमध्ये ठेवलेली फाइल क्लासपाथवर नसते. ती सर्व्हलेट-कॉन्टेक्स्टकडे मागायची, आणि तिथे सुरुवातीचा स्लॅश सक्तीचा.

मराठी मजकूर असेल तर आणखी एक अडचण. प्रॉपर्टीजची लोड मेथड नुसत्या स्ट्रीमवरून वाचताना आयएसओ-८८५९-१ धरून चालते, त्यामुळे 'धन्यवाद'ची अगम्य चिन्हं होतात. यूटीएफ-८ सांगून रीडर बनवा आणि तो लोडला द्या. ही सोय जावा ६ पासून आहे. रिसोर्स-बंडल मात्र जावा ९ पासून आपणहून यूटीएफ-८ वाचतं.

पुढच्या भागात: ॲप पुन्हा डिप्लॉय केल्यावर जुना क्लासलोडर मेमरीत का अडकून राहतो.