प्रभादेवीचा नळ व शहापूरची विहीर

प्रभादेवीस नळाची चावी फिरविताच वाहणाऱ्या पाण्याचा माग काढीत गेल्यास ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुका लागतो. तेथील तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईस येते. पुढे भातसा नदीही त्याच कामी लागली. परंतु त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांच्या विहिरी वैशाखात आटतात व टँकरची वाट पाहावी लागते. तानशाचे पाणी उताराने मुंबईस जाते. हे पाडे मात्र उंचावर, कातळावर वसलेले. इकडे मुंबईत ८० इंचांहून अधिक पाऊस पडून बहुतेक समुद्रास मिळतो, आणि जुन्या विहिरी तर हिवतापाच्या भयाने शहरानेच बुजविल्या! त्या उकरून गच्चीवरचे पाणी त्यांत सोडल्यास धुण्यापुरते व बागेपुरते पाणी निघेल, असे आम्हांस वाटते. वाचलेले पाणी पाड्यांवर चढविण्याचा खर्च मात्र मुंबईने सोसावा; तो शहापूरच्या कुणब्याच्या माथी मारू नये.